डिझेलचा दर कोणत्या नियमाने ठरतो, ते आम्हाला लेखी सांगा

प्रति,
मा. केंद्रीय पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्री, नवी दिल्ली
मा. केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : पेट्रोल-डिझेलचे दर आणि देशाचं रखडलेलं ऊर्जा धोरण

स. न. वि. वि.

मी श्रीगोंदा तालुक्यातला शेतकरी. साडेसहा एकर रान आहे. चार एकर ऊस, बाकीच्यात कांदा आणि हंगामाप्रमाणे ज्वारी-हरभरा. २०१६ साली कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला. घरचं काम उरकलं की गावातली नांगरट, रोटाव्हेटर, सरी पाडणं अशी भाड्याची कामं करतो. ट्रॅक्टर दारात आला त्या दिवसापासून एक वही ठेवली आहे. कोणाचं रान, किती एकर, किती लिटर डिझेल गेलं, त्या दिवशी डिझेलचा दर काय होता आणि पैसे आले की राहिले. उधारी ध्यानात राहावी एवढ्यासाठीच ती सुरू केली होती. पण गेली काही वर्षं तिच्यातला दराचा रकाना वाचला की झोप लागत नाही. तो रकाना घेऊनच तुमच्यासमोर आलो आहे.

एप्रिल २०२० चं पान उघडतो. टाळेबंदी होती, पण शेतीच्या कामांना मुभा होती, त्यामुळे उन्हाळी नांगरट चालू होती. मुंबईतला डिझेलचा दर तेव्हा ६६ रुपये २१ पैसे होता. (पुढेही मुंबईचेच दर देतो, म्हणजे कोणालाही पडताळता येतील. आमच्याकडे त्यात थोडा फरक पडतो.) त्याच महिन्यात जगात कच्च्या तेलाचा भाव कोसळला होता. भारत जे तेल घेतो त्याची सरासरी पिंपाला २० डॉलरच्या आसपास आली होती. २०१४ च्या मध्यात हेच तेल शंभर डॉलरच्या वर होतं. दर रोज बाजाराप्रमाणे बदलतात असं आम्हाला सांगितलेलं असल्यामुळे आम्ही वाट पाहत होतो. पेरणी तोंडावर होती. डिझेल पाच-दहा रुपयांनी उतरलं असतं, तर त्या वर्षी माझ्या गावाला फार मोठा आधार झाला असता.

उतरलं काहीच नाही. १४ मार्चला केंद्राने उत्पादन शुल्क तीन रुपयांनी वाढवलं होतं. ६ मेपासून पेट्रोलवर आणखी १० आणि डिझेलवर आणखी १३ रुपये चढवले. डिझेलवरचं केंद्राचं शुल्क लिटरला ३१ रुपये ८३ पैशांवर गेलं. १ जूनला राज्य सरकारने आपले दोन रुपये वाढवले. मग ७ जूनपासून कंपन्यांनी रोजची दरवाढ सुरू केली आणि सलग तीन आठवडे डिझेल रोज चढत गेलं. म्हणजे नेमक्या खरिपाच्या पेरणीत. माझ्या वहीत त्या जूनमध्ये प्रत्येक ओळीपुढे वेगळा दर आहे. सकाळी एकाच्या रानात गेलो तर एक दर, दुसऱ्या दिवशी त्याच्या भावाच्या रानात गेलो तर दुसरा. दोघे भाऊ माझ्याकडे संशयाने बघायला लागले, ही माझ्या गावातली खरी गोष्ट आहे.

महामारीचा काळ होता, सरकारला पैशाची गरज होती, हे मला कळतं. मोफत धान्य द्यायचं होतं, दवाखाने उभे करायचे होते. त्याबद्दल तक्रार नाही. पण मग तसं सांगायला हवं होतं. एकीकडे 'दर बाजार ठरवतो' म्हणायचं आणि बाजार उतरला की त्याचा फायदा वरच्या वर काढून घ्यायचा, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत.

नियंत्रणमुक्तीचं वचन मला चांगलं आठवतं. पेट्रोल जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झालं, डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये, आणि १६ जून २०१७ पासून देशभर रोजचे दर सुरू झाले. मी त्या निर्णयाच्या बाजूचा होतो आणि आजही आहे. त्याआधीच्या काळात दर दाबून ठेवायचे आणि तोटा तेल रोख्यांच्या (म्हणजे सरकारने कंपन्यांना रोख पैशांऐवजी दिलेल्या, पुढे व्याजासह फेडायच्या कागदांच्या) रूपाने पुढच्या पिढीवर टाकायचा, असं चालायचं. सव्वा लाख कोटींहून जास्तीचे ते रोखे अखेर आपल्यालाच फेडावे लागले. ते परत नको. पण डिझेल खुलं केल्यावर नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या सव्वा वर्षात उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढलं. डिझेलवर १३ रुपये ४७ पैसे, पेट्रोलवर ११ रुपये ७७ पैसे. तेल स्वस्त होत होतं तोवर ते जाणवलं नाही. तेल महाग व्हायला लागलं तेव्हा शुल्क तिथेच राहिलं आणि दर मात्र चढला. चढताना बाजार आमचा आणि उतरताना तिजोरी तुमची, असा हा व्यवहार झाला.

ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेलने शंभरी ओलांडली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते १०६ रुपये ६२ पैशांवर गेलं. दीड वर्षात चाळीस रुपयांची वाढ. याच काळातला उसाचा दर सांगतो. १० टक्के साखर उताऱ्याला एफआरपी (कारखान्याने उसाला द्यायचा, केंद्राने ठरवलेला किमान दर) २०१९-२० च्या हंगामात टनाला २,७५० रुपये होती, २०२१-२२ च्या हंगामात २,९०० झाली. म्हणजे साडेपाच टक्के. डिझेलची वाढ साठ टक्के. आणि ही एफआरपीसुद्धा पूर्ण हातात येत नाही. कारखाना तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातून कापून घेतो. उसाच्या बैलगाड्या आता कमी झाल्या, ऊस ट्रॅक्टर-ट्रॉलीने आणि ट्रकने जातो, त्यामुळे वाहतुकीचा डिझेलखर्चही माझ्याच बिलातून जातो. नांगरताना एकदा, सरी पाडताना एकदा, आणि ऊस गेल्यावर पुन्हा एकदा. हे शहरातल्या माणसाला सहसा ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पलटी नांगराने एक एकर नांगरायला माझ्या ट्रॅक्टरला काळ्या रानात आठ लिटरच्या आसपास डिझेल लागतं. चाळीस रुपये वाढले म्हणजे एकरामागे सव्वातीनशे रुपये नुसत्या डिझेलचे. वर ऑइल, नांगराचे फाळ, टायर, सगळंच वाढलं. मी एकराचा दर सोळाशेवरून दोन हजारावर नेला. आमच्या बांधाला लागून एका आत्याचं अडीच एकर आहे. नवरा गेला, मुलगा पुण्याला कंपनीत. दर उन्हाळ्यात तिचं रान मीच नांगरतो. त्या वर्षी ती बांधावर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, औंदा सगळं नको नांगरू. एक एकर नांगर, बाकीच्याला नुसता फण मार." नांगर खोल जातो, फण वरवर चालतो. फणणीला डिझेल कमी लागतं, पैसेही कमी. पण खाली हराळी तशीच राहते आणि पाऊस लांबला की ते रान आधी सुकतं. हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी म्हणालो, पैसे सुगीला द्या. तिने ऐकलं नाही, कारण मागच्या वर्षीचेच राहिले होते. त्या दीड एकरात सोयाबीन कसं आलं ते मी रोज जाता-येता बघत होतो. इंधनाच्या दराचा परिणाम मोजताना तुम्ही महागाईचा टक्का बघता. तो टक्का बरोबरही असेल. पण त्यात न नांगरलेलं रान येत नाही.

पुढची गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाली. ४ नोव्हेंबर २०२१ ला केंद्राने डिझेलवरचं शुल्क १० रुपयांनी आणि पेट्रोलवरचं ५ रुपयांनी कमी केलं. त्याबद्दल आभार. त्यानंतर साडेचार महिने दर जागचे हलले नाहीत. त्या दरम्यान पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या, युक्रेनचं युद्ध सुरू झालं, कच्चं तेल शंभर डॉलरच्या पुढे गेलं, तरी पंपावरचा आकडा तोच. निकाल लागले आणि २२ मार्च २०२२ पासून सोळा दिवसांत चौदा वेळा दर वाढून दहा रुपये चढले. मे महिन्यात केंद्राने पुन्हा शुल्क कमी केलं, जुलैमध्ये राज्याने डिझेलवर तीन आणि पेट्रोलवर पाच रुपये कमी केले. आणि मग पुन्हा सगळं गोठलं, ते थेट मार्च २०२४ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, दोन रुपये कमी होईपर्यंत. दर रोज बदलण्याची पद्धत रद्द झाली असं कुठल्याही आदेशात वाचलं नाही. ती पद्धत नुसती थांबली.

तेल कंपन्यांची बाजूही मांडतो, कारण ती खोटी नाही. २०२२ मध्ये तेल महाग असताना त्यांनी तोट्यात विक्री केली आणि पुढे तेल उतरल्यावर तो तोटा भरून काढला. पण २०२३-२४ या एका वर्षात तिन्ही सरकारी कंपन्यांचा मिळून नफा ८१ हजार कोटींच्या घरात गेला. तोटा किती होता, तो कधी भरून निघाला, भरून निघाल्यावर ग्राहकाला काय मिळणार होतं, याचा हिशेब कोणी मांडला का? मी गावात नांगरटीचे चारशे रुपये वाढवले तर मला चारचौघांत हिशेब द्यावा लागतो आणि मी तो देतो.

आता करांचं. हा भाग क्लिष्ट आहे, पण राग सगळा इथेच साठलेला आहे. महागाईवर बोललं की दिल्ली म्हणते राज्याने व्हॅट, म्हणजे राज्याचा विक्रीवरचा कर, कमी करावा, मुंबई म्हणते केंद्राने शुल्क कमी करावं. दोघांचंही अर्धं खरं आहे. केंद्राच्या शुल्कात मूळ उत्पादन शुल्काचा भाग फार लहान असतो. मे २०२२ च्या कपातीनंतर पेट्रोलवरचं एकूण शुल्क १९ रुपये ९० पैसे होतं, त्यात मूळ शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे. राज्यांना वाटा मिळतो तो एवढ्यातूनच. बाकीचं सगळं विशेष शुल्क आणि उपकर, त्यात राज्यांचा हिस्सा नाही. २०२०-२१ मध्ये केंद्राने पेट्रोल-डिझेलच्या शुल्कातून साडेतीन लाख कोटींहून अधिक रुपये गोळा केले आणि त्यातले राज्यांना वाटले २० हजार कोटींहून किंचित कमी. हे आकडे संसदेत दिलेल्या उत्तरातले आहेत. मग राज्य आपला व्हॅट का सोडेल? आणि राज्याचा व्हॅट टक्केवारीत असल्यामुळे, शिवाय तो केंद्राचं शुल्क धरून झालेल्या किमतीवर लागत असल्यामुळे, केंद्राने रुपया वाढवला की राज्याचेही पैसे आपोआप वाढतात. भांडण दोघांचं दिसतं, पण दर वाढला की दोघांच्याही तिजोरीत भर पडते.

राज्याला वेगळं विचारायचं आहे. २०१५ च्या दुष्काळात तुम्ही पेट्रोल-डिझेलवर लिटरला दोन रुपयांचा अधिभार लावला. आम्ही दुष्काळी भागातले, आम्ही कुरकुर केली नाही. दुष्काळ संपला. २०१६ ला पाऊस झाला, २०१९ ला तर कोल्हापूर-सांगली पुरात गेली. दुष्काळासाठी लावलेला पैसा दुष्काळाबरोबर का गेला नाही? तसंच केंद्राला विचारतो की रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आम्ही डिझेलमधून भरतो, मग हायवेला लागलो की टोलही भरतो, तर एकाच रस्त्याचे पैसे दोनदा का?

जीएसटीचा विषय काढला की सगळेच गप्प होतात. घटनादुरुस्ती करताना पेट्रोल, डिझेल, कच्चं तेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचं इंधन जीएसटीत कधी आणायचं ते जीएसटी परिषदेने ठरवावं, असं लिहून ठेवलेलं आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. १७ सप्टेंबर २०२१ ला लखनौच्या बैठकीत हा विषय आला, तोही केरळ उच्च न्यायालयाने सांगितल्यामुळे, आणि 'ही वेळ योग्य नाही' म्हणून बाजूला ठेवला गेला. योग्य वेळ कोणती हेही सांगितलं नाही.

पण दर आणि कर ही वरची साल आहे. मी पत्र लिहितोय ते आतल्या गोष्टीसाठी. देशाला ऊर्जेचं एक धोरण नाही.

डॉ. किरीट पारीख यांच्या समितीने २००६ साली एकात्मिक ऊर्जा धोरणाचा अहवाल दिला. कोळसा, तेल, वीज, वायू, सौर, अणू, सगळं एकत्र मांडून २०३१-३२ पर्यंतचा विचार त्यात होता. मंत्रिमंडळाने त्याला २००८ च्या शेवटी मान्यता दिली. पुढे सरकार बदललं, नियोजन आयोग गेला, नीती आयोग आला. जून २०१७ मध्ये नीती आयोगाने राष्ट्रीय ऊर्जा धोरणाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी काढला. परवडणाऱ्या दरात ऊर्जा, आयातीवरचं अवलंबन कमी करणं, शाश्वतता आणि आर्थिक वाढ अशी चार उद्दिष्टं त्यात होती. चारही मला पटतात. तो मसुदा मसुदाच राहिला. इकडे पेट्रोलियमचं मंत्रालय वेगळं, कोळशाचं वेगळं, विजेचं वेगळं, सौरऊर्जेचं वेगळं आणि अणुऊर्जेचा विभाग आणखी वेगळा. माझ्या साडेसहा एकरांत मात्र हे जवळपास सगळे एकाच दिवशी येतात. सकाळी डिझेल भरतो, रात्री कोळशावरची वीज येते तेव्हा पिकाला पाणी द्यायला दारं धरतो, उसाचं इथेनॉल होतं, आणि सौर पंपासाठी अर्ज केलेला आहे.

धोरण नसल्याने काय होतं? मार्च २०१५ मध्ये दिल्लीच्या 'ऊर्जा संगम' परिषदेत पंतप्रधानांनी जाहीर केलं होतं की २०२२ पर्यंत, स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीपर्यंत, तेलाची आयात दहा टक्क्यांनी कमी करू. त्या वेळी आपण गरजेच्या सुमारे ७७ टक्के कच्चं तेल बाहेरून आणत होतो. २०२३-२४ मध्ये ते प्रमाण ८७ टक्क्यांच्या पुढे गेलं. दहा टक्के कमी व्हायचं होतं, ते दहा टक्के वाढलं. देशातलं उत्पादन २०१३-१४ च्या पावणेचार कोटी टनांवरून तीन कोटी टनांच्या खाली आलं. आपल्याच किनाऱ्यासमोर १९७४ साली 'सागर सम्राट'ने बॉम्बे हायचं तेल शोधलं, दोन वर्षांत ते वर काढलं. ते क्षेत्र आता म्हातारं झालं आहे. त्यानंतरची पन्नास वर्षं आपण त्याच्याच जिवावर काढली, असं म्हटलं तर फार चूक ठरणार नाही.

इथेनॉलबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे मला सगळ्यात जास्त आशा होती. २०१३-१४ मध्ये पेट्रोलमध्ये दीड टक्का इथेनॉल मिसळलं जायचं, २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर गेलं. हे मोठं काम आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. त्याच्या भरवशावर आमच्याकडच्या कारखान्यांनी कर्जं काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या, वाढवल्या. साखर शिल्लक राहिली की आमची बिलं थकतात. इथेनॉलचे पैसे लवकर येतात, म्हणून आम्हालाही ते हवं होतं. २०२३-२४ चा गळीत हंगाम सुरू होऊन महिना झाला होता. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राचा आदेश आला की उसाच्या रसापासून इथेनॉल करायचं नाही. पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल, ही भीती. आठ दिवसांत त्यात बदल झाला आणि १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत परवानगी मिळाली. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस पुढच्या हंगामासाठी बंदी पूर्ण उठली. पाऊस कमी झालाय हे सप्टेंबरमध्येच दिसत होतं. बॉयलर पेटायच्या आधी सांगितलं असतं, तर कारखान्यांनी आपलं नियोजन बदललं असतं. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात असतो. आम्ही दीड वर्ष पुढचा विचार करून लागण करतो आणि आमच्या पिकाचं काय करायचं ते हंगामाच्या मध्यात एका आदेशाने बदलतं.

त्याच इथेनॉलची दुसरी बाजूही आहे. जून २०२१ च्या नीती आयोगाच्या अहवालातच लिहिलं होतं की जुन्या बनावटीच्या चारचाकी गाड्यांचं मायलेज २० टक्के मिश्रणाने सहा-सात टक्के आणि दुचाकींचं तीन-चार टक्के कमी होऊ शकतं, आणि म्हणून हे इंधन ग्राहकाला स्वस्त मिळायला हवं. मिश्रण ठरलेल्या मुदतीच्या पाच वर्षं आधी आलं, पण पंपावर स्वस्ताई आली नाही. माझा ऊस त्यात असूनही मला हे पटत नाही. गावातल्या दूधवाल्याच्या मोटारसायकलला घट सोसावी लागते, ती त्याने का सोसावी?

विजेचं थोडक्यात. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. चांगली गोष्ट. पण मोफत विजेपेक्षा दिवसाची वीज द्या, असं माझ्या गावातला कोणताही माणूस सांगेल. आठवड्यातले काही दिवस रात्रीची पाळी असते. बिबट्या फिरतो, थंडीत पायाखालचं दिसत नाही, आणि माणूस बॅटरी घेऊन दारं धरायला जातो. ज्यांना हे जमत नाही ते डिझेल इंजिन लावतात. म्हणजे मोफत विजेच्या गावात डिझेल जाळून पाणी काढायचं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत १६ हजार मेगावॅटचं उद्दिष्ट आहे आणि जिथे फीडर (शेतीपंपांना वीज पुरवणारी वाहिनी) सौर झाला तिथे दिवसा पाणी मिळतं, हे मी पाहुण्यांच्या गावी स्वतः पाहिलं आहे. आमच्या फीडरचा नंबर कधी, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही.

दूरदृष्टी असली की काय होतं त्याचंही एक उदाहरण आपल्याकडेच आहे. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पाडूर इथे खडकात कोरलेल्या गुहांमध्ये ५३ लाख टन तेल साठवायची सोय आहे. एप्रिल-मे २०२० मध्ये तेल मातीमोल झालं तेव्हा त्या भरून घेतल्या आणि सुमारे ५ हजार कोटी रुपये वाचले. ते जमलं, कारण त्या गुहा कोणीतरी कितीतरी वर्षं आधी ठरवून खोदल्या होत्या. पण हा साठा देशाला साडेनऊ दिवस पुरेल एवढाच आहे. चंडीखोल आणि पाडूरच्या पुढच्या टप्प्याला मंजुरी मिळाली जुलै २०२१ मध्ये. आखाती तेलाची जहाजं जिथून येतात त्या होर्मुझच्या सामुद्रधुनीत काही झालं की आमच्या गावातला पंपवाला कॅनमध्ये डिझेल द्यायचं बंद करतो. साडेनऊ दिवसांचा आकडा वाचल्यापासून मी त्याला दोष देत नाही.

मला स्वस्त डिझेल नको आहे. हे वाक्य विचार करून लिहिलं आहे. दाबून स्वस्त केलेलं डिझेल मागच्या दाराने परत वसूल होतं, ते आपण एकदा भोगलं आहे. मला नियम हवा आहे. कच्चं तेल अमुक डॉलरच्या खाली गेलं तर शुल्क इतकं वाढेल, अमुकच्या वर गेलं तर इतकं उतरेल, असा तक्ता राजपत्रात छापा आणि निवडणूक असो वा नसो, तो पाळा. कंपन्यांनी दर गोठवायचे असतील तर कोणाच्या सांगण्यावरून, किती दिवस आणि कोणत्या हिशेबाने, ते दर महिन्याला जाहीर करा. शेतीसाठी जाळलेल्या डिझेलवर रस्त्याचा उपकर लावू नका, कारण माझा नांगर हायवेवर चालत नाही. मच्छीमारांना राज्य डिझेलवरच्या कराचा परतावा देतं, म्हणजे वापर बघून कर सोडता येतो हे सरकारला मान्य आहे. तो परतावा त्यांनाही वेळेवर द्या. इथेनॉलचा निर्णय निदान तीन हंगामांसाठी एकदाच करा, दुष्काळ पडला तर काय होईल तेही त्यातच लिहा. दुष्काळाच्या नावाचा अधिभार आता काढा.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने शुल्क पुन्हा दोन रुपयांनी वाढवलं आणि डिझेलवर ते १७ रुपये ८० पैसे झालं. पंपावरचा दर वाढला नाही, त्यामुळे बातमी दोन दिवसांत विरली. माझ्या ट्रॅक्टरला वर्षाला हजार लिटरच्या वर डिझेल लागतं. हजारच धरलं आणि हाच दर धरला, तर १७ हजार ८०० रुपये मी केंद्राला नुसते डिझेलमधून देतो, राज्याचा व्हॅट वेगळा. किसान सन्मान निधीचे मला वर्षाला सहा हजार येतात. ते आले की मोबाइलवर संदेश येतो. हे जातात त्याचा संदेश येत नाही, म्हणून मी वहीत लिहून ठेवतो.

या पत्राचं उत्तर द्यायचं झालं तर मागण्यांचं नंतर बघू. आधी एवढंच कळवा : जून २०१७ चा राष्ट्रीय ऊर्जा धोरणाचा मसुदा आज कोणत्या मंत्रालयात, कोणाच्या टेबलावर आहे, आणि त्यावर पुढचं काम कोणी करायचं आहे? त्या माणसाच्या पदाचं नाव कळलं, तरी पुढचं पत्र त्यांनाच लिहीन.

आपला,
एक ऊस उत्पादक व ट्रॅक्टरमालक शेतकरी
तालुका श्रीगोंदा, जिल्हा अहिल्यानगर